मास्तरांचं कुलूप

ही गोष्ट लिहायला माझ्या ताईने दोन वर्षं परवानगी दिली नाही.

मागच्या महिन्यात दिली. तीही एका अटीवर.

"लिही, पण रात्र करू नकोस," ती म्हणाली. "भुताचं म्हटलं की सगळे रात्र करतात. दुपार होती. रविवार होता. डोळे दिपतील असं ऊन होतं. जे होतं तेच लिही."

म्हणून तेच लिहितोय. यात पदरचं एक अक्षर नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांच्याशी माझं भांडणही नाही. हे खोटं निघालं तर मला हवंच आहे.

ताई एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होती. म्हणजे मोजणारी यंत्रं बसवणं, त्यांच्या वायरी जोडणं, बिघडली की दुरुस्त करणं.

कारखान्याच्या अगदी टोकाला एक खोली आहे. दहा बाय आठची. वर पत्रा. उजवी भिंत म्हणजेच कंपाउंडची भिंत, पलीकडे रस्ता. वापरलेलं पाणी साफ होऊन ज्या पाइपातून बाहेर पडतं, तो पाइप या खोलीतून जातो. आणि त्याच्या वर, भिंतीला टांगलेली एक पेटी. तिला सगळे अ‍ॅनालायझर म्हणतात. बाहेर जाणारं पाणी किती आम्ल आहे, किती गढूळ आहे, हे ती चोवीस तास मोजते आणि आकडा थेट सरकारी कार्यालयात पाठवते.

आकडा थांबला की साहेबांचा फोन वाजतो. साहेबांचा वाजला की सगळ्यांचे वाजतात.

या खोलीत एक खोट होती. पेटी आत, आणि तिचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडायचा खटका, बाहेर, डाव्या भिंतीच्या मागे. काम करायचं तर एकाने बाहेर ब्रेकरपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने आत. मधे भिंत. बोलायचं ते ओरडून.

ताईला हे काम मास्तरांनी शिकवलं.

मास्तर काही शाळेत नव्हते. तेही टेक्निशियनच. पण साधा दिवा बदलायचा झाला तरी आधी दहा मिनिटं तास घ्यायचे, म्हणून मास्तर. ताई नवीन लागली तेव्हा बाकीचे हसले होते. "पोरगी पाठवलीय, आता पान्याला रुमाल गुंडाळा." मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातात मीटर दिला आणि म्हणाले, "हे लोक बोलतात ते सोड. वीज माणूस बघत नाही, हात बघते."

त्यांचा धडा ताईला आजही पाठ आहे.

आधी ब्रेकर पाडायचा. त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. कुलूप दोनदा ओढून बघायचं. मग मीटर लावून वीज नाही ना, ते बघायचं. आणि एवढं सगळं करूनही पहिला स्पर्श उलट्या हाताने करायचा.

"तळहात लावलास तर वीज मूठ आवळून धरते," ते म्हणायचे. "उलटा हात फेकला तरी जातो."

आणि हात लावण्याआधी ते भिंतीपलीकडून एकदा ओरडून विचारायचे.

"बंद आहे ना?"

ताई बाहेरून म्हणायची, "बंद आहे, मास्तर."

ताईच्या नोकरीला सहावा महिना चालू होता. अजून कायम व्हायची होती. त्या दिवशीही मास्तरांनी ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, दोनदा ओढलं. ताई तिथेच उभी होती. मग ते आत गेले. विचारलं. तिने उत्तर दिलं.

मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बस, एवढाच.

ती धावत आत गेली तेव्हा मास्तरांची मूठ आवळलेली होती.

पुढच्या धावपळीत कुणीतरी ब्रेकर पुन्हा चढवला. आकडा थांबला होता ना! आणि कुलूप... कुलूप नव्हतं. कुठेच नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवलं. पाणी दिलं. मऊ आवाजात विचारलं, "ब्रेकरला कुलूप होतं, हे तू पाहिलंस? अगदी नक्की? घाबरलेल्या माणसाला नसलेलंही दिसतं. नीट आठव. तुझं कायम व्हायचं पत्र पण याच आठवड्यात आहे."

ताईने नीट आठवलं.

आणि लिहून दिलं: कुलूप पाहिले नाही.

पत्र आलं. ती कायम झाली. आम्ही घरी पेढेही वाटले असते, पण ती जेवलीच नाही त्या दिवशी. आम्हाला वाटलं, माणूस गेल्याचं दुःख आहे.

त्यानंतर कारखान्यात दरवर्षी सुरक्षेचं प्रशिक्षण सुरू झालं. पडद्यावर मास्तरांचा फोटो यायचा. ओळखपत्रावरचा, मान जरा तिरकी असलेला. खाली मोठ्या अक्षरांत: "यांनी कुलूप लावले नाही." नव्या मुलांना सांगायचे, असा निष्काळजीपणा कराल तर असे मराल.

ताई दरवर्षी तिसऱ्या रांगेत बसून ते बघायची.

चार वर्षांत तिने स्वतःला पटवून दिलं होतं, की खरंच नव्हतं कुलूप.

मग तो रविवार आला.

कारखाना देखभालीसाठी बंद होता. जुना अ‍ॅनालायझर काढून नवा बसवायचा होता. जोडीदार रजेवर. साहेब फोनवर म्हणाले, "दोन माणसं कशाला? चार वायरी तर आहेत. चारच्या आत आकडा सुरू झाला पाहिजे."

ताई एकटी गेली.

सव्वादोन वाजले होते. पाइपात पाणी नव्हतं, पंप बंद होते. एरवी त्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही, आज स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तिने नवी पेटी खाली ठेवली, हत्यारांची पिशवी ठेवली, आणि आधी बाहेर गेली.

ब्रेकर पाडला. आपलं लाल कुलूप लावलं. किल्ली खिशात. "काम चालू आहे" अशी पाटी अडकवली. दोनदा ओढून बघितलं.

आणि आतून आवाज आला...

"बंद आहे ना?"

"बंद आहे, मास्तर," ताई म्हणाली.

म्हणून गेली. सवयीने. जीभ आधी हलली, डोकं नंतर.

मग तिने ब्रेकरची पेटी घट्ट धरली.

ती किती वेळ तशी उभी होती, तिला सांगता येत नाही. शेवटी स्वतःलाच म्हणाली, ऑपरेटर आला असेल. कंट्रोल रूमचा ऑपरेटर, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंदच होत नाही. त्यालाच मस्करी सुचली असणार.

ती आत गेली.

खोली रिकामी.

पण जुन्या पेटीचं झाकण उघडं होतं... आणि त्याचे चारही स्क्रू पाइपावर एका ओळीत ठेवलेले. डोकी सगळी एकाच बाजूला.

तिने झाकणाला हातही लावला नव्हता.

तिने रेडिओला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"कुठे असणार? कंट्रोल रूममध्ये. डबा खातोय. भेंडीची भाजी केलीय बायकोने, काय सांगू ताई, निव्वळ पाणी—"

"इकडे कुणाला पाठवलंस?"

"आज आहे कोण पाठवायला? गेटवरचा आणि मी. का गं?"

"काही नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

निघून यायचं होतं तिथून. मी तिला म्हटलंही, तू पळाली का नाहीस? ती म्हणाली, "पळून साहेबांना काय सांगणार होते? मास्तर आलेत?"

तिने काम सुरू केलं.

मुख्य तीन टर्मिनलना, म्हणजे वायरी कसतात त्या जागांना, मीटर लावला. शून्य. वायरी सोडवल्या. अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर सगळ्यात शेवटी. मास्तरांनी तसंच शिकवलं होतं, काढताना ती शेवटी आणि जोडताना ती आधी. हात चालू राहिले की डोकं शांत होतं. तिला वाटलं, झालं, भास होता.

तेवढ्यात बाहेर...

खट्... खट्.

कुलूप ओढल्याचा आवाज. दोनदा.

"कोण आहे?"

उत्तर नाही.

ती दारात आली. समोर अख्खं आवार उन्हात पडलेलं. माणूस नाही, कुत्रं नाही, कावळा नाही. भिंतीला वळसा घालून ती ब्रेकरपाशी गेली. तिचं लाल कुलूप जागेवर होतं.

हलत होतं.

वारा नव्हता. पाटी स्तब्ध होती. फक्त कुलूप मागे-पुढे... मागे-पुढे... आणि तिच्या डोळ्यांदेखत थांबलं.

फोन वाजला तेव्हा ती किंचाळलीच. साहेब होते. "किती राहिलं?"

"थोडंच आहे, सर."

"तीन वाजत आले."

आता दोनच वायरी उरल्या होत्या. पेटीच्या तळाशी दोन टर्मिनल असतात. पाणी बिघडलं की याच टर्मिनलांतून औषध सोडणारा पंप सुरू होतो. वायरींच्या ड्रॉइंगमध्ये साहेबांच्या सहीनिशी लिहिलं होतं, यात वीज नाही, नुसता स्विच आहे. शिवाय ब्रेकर पडलेला. तिने मीटर उचलला होता, पण मघाशी बाहेरचा आवाज ऐकून तो खाली ठेवला, तो तिथेच राहिला.

तिने दोन्ही वायरी एकदम धरायला हात पुढे केला. डावा हात लोखंडी पाइपावर टेकलेला.

बोटं एक वीतभर अंतरावर असतील...

मागून, अगदी कानाशी, हळू आवाजात...

"बंद आहे ना?"

ताईला "हो" म्हणायचं होतं. तोंड उघडलं. 

आणि तिचा हात उलटा झाला.

हे सांगताना ती दरवेळी इथे थांबते. "मी केला नाही," ती म्हणते. "मनगट कुणीतरी धरलं आणि वळवलं. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात ना, तसं. बोटं गार होती. मी वळून बघितलं नाही. माझ्यात हिंमतच नव्हती."

उलटा हात वायरीला लागला.

झटक्याने ती समोरच्या भिंतीवर फेकली गेली.

शुद्धीवर आली तेव्हा खांद्यापासून हात आपला नसल्यासारखा झाला होता. ती जमिनीवर बसून राहिली. मग रांगत जाऊन मीटर घेतला आणि त्या दोन टर्मिनलना लावला.

दोनशे तीस.

ब्रेकर बंद. कुलूप लावलेलं. किल्ली खिशात. आणि तरी दोनशे तीस व्होल्ट. दुसऱ्याच पॅनेलमधून, पंपाच्या लाइनमधून कुणीतरी तिथे वीज आणून सोडली होती. ड्रॉइंगवर तिचा पत्ता नव्हता.

तळहात लागला असता तर तिचीही मूठ आवळली असती.

चार वर्षांपूर्वी मास्तरांनी सगळं बरोबर केलं होतं. फक्त याच दोन वायरी, ड्रॉइंगवर विसंबून, त्यांनीही सरळ धरल्या असणार.

ती भिंतीचा आधार घेत बाहेर आली. ब्रेकरकडे बघितलं.

तिथे दोन कुलपं होती.

एक तिचं, लाल. आणि त्याच्या शेजारी एक पितळी. कडेला चेमटलेलं. एकदा मास्तरांच्या हातून जिन्यावरून पडलं होतं, तेव्हा चेमटलं होतं ते. ताईने बोट लावलं. तापलेल्या पत्र्याच्या पेटीवर ते कुलूप बर्फासारखं गार होतं.

"तेव्हा मला आठवलं," ताई म्हणाली. "म्हणजे विसरले नव्हतेच. मी पाहिलं होतं रे. त्या दिवशी ते कुलूप मी असंच पाहिलं होतं."

ताई फोन उचलत नाही म्हणून रेडिओ धापा टाकत आला तेव्हा ती ब्रेकरसमोर बसून रडत होती. तिने बोट दाखवलं. तो म्हणाला, "काय? लाल कुलूप आहे. काय झालं त्याला?"

एकच होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा रेडिओ जरा वेळ गप्प बसला. मग इकडे-तिकडे बघून म्हणाला, "ती पंपाची वायर साहेबांनीच टाकून घेतली होती, मास्तर जायच्या आधी महिनाभर. घाईत. म्हणाले होते, ड्रॉइंग नंतर बदलू. मी बोललो नाही कुठे. मलाही घरदार आहे."

सोमवारी ताई साहेबांच्या समोर उभी राहिली. मीटरचा आकडा सांगितला. मग म्हणाली, "मास्तरांनी कुलूप लावलं होतं. मी पाहिलं होतं."

"मग तेव्हा काय लिहिलं होतंस?"

"पाहिलं नाही असं."

"म्हणजे खोटं लिहिलंस."

"हो, सर."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बाई, जी एकदा सहीनिशी खोटं लिहिते, तिने आता लिहिलेलं खरं कशावरून?"

ताईने तरीही लिहून दिलं. दोन पानं. साहेबांनी ती नीट घडी करून खणात ठेवली.

मंगळवारी ती खोलीत गेली तेव्हा त्या दोन टर्मिनलांत वायरीच नव्हत्या. भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलेलं. ड्रॉइंग आता अगदी बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात तिची बदली स्टोअरमध्ये झाली. नट-बोल्ट मोजायला. प्रशिक्षणातला मास्तरांचा फोटो तसाच राहिला. त्याखाली फक्त एक ओळ वाढली: "प्रत्येक टर्मिनल मीटरने तपासा."

आता सांगायला एकच माणूस उरलं होतं.

मास्तरांची बायको घरी शाळेचे गणवेश शिवते. ताई गेली तेव्हा मशीन चालू होतं. ताई त्यांना वहिनी म्हणायची. चार वर्षांत एकदाही ती त्या घरी गेली नव्हती.

भिंतीवर खिळा होता. फोटो नव्हता.

"मुलीने काढला," वहिनी म्हणाल्या. "म्हणाली, ज्यांना आमच्यासाठी एक कुलूप लावता आलं नाही, त्यांना रोज कशाला बघायचं?"

ताईने सगळं सांगितलं. सही सांगितली, पत्र सांगितलं. रविवारची दुपार सांगितली. आवाज, स्क्रू, मनगटावरची गार बोटं. काही लपवलं नाही. तिला वाटत होतं वहिनी शिव्या देतील, थोबाडीत मारतील. तेच हवं होतं तिला.

वहिनींनी सुई वर केली, कापड बाजूला घेतलं, दोरा दाताने तोडला.

"तुझा हात धरला त्यांनी?"

"हो, वहिनी."

"आणि बोलले?"

"हो."

"चार वर्षं मी दार आतून लावत नाही," वहिनी म्हणाल्या. "एकदा स्वप्नात सुद्धा आले नाहीत. पोरीकडे नाही, माझ्याकडे नाही."

त्या ताईकडे बघत राहिल्या.

"आणि तुझ्याकडे आले?"

ताईने नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे वळवली. 

मग वहिनी म्हणाल्या, "मला तिथे घेऊन चल."

आत बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. गेटवर अर्ज केला, नाकारला. दुसऱ्यांदा केला, तोही नाकारला. मग ताईला रस्त्याकडची भिंत सुचली.

तेव्हापासून दर रविवारी ती वहिनींना स्कूटरवर घेऊन जाते. सव्वादोनला. वहिनी उतरतात, रस्ता ओलांडतात आणि तापलेल्या भिंतीला कान लावून उभ्या राहतात. येणारे-जाणारे बघतात, त्यांना वाटतं बाई वेडी आहे. पंधरा-वीस मिनिटांनी त्या परत येतात. गालाला चुना लागलेला असतो. एवढंच म्हणतात, "नाही आले."

ताई रस्त्याच्या या बाजूला स्कूटरवरच बसून असते. हेल्मेट काढत नाही. इंजिनही बंद करत नाही.

मी एकदा विचारलं, "वीस मिनिटं पेट्रोल कशाला जाळतेस?"

ती स्कूटरची किल्ली बोटांत फिरवत राहिली.

"बंद केलं की ऐकू येतं मला," ती म्हणाली. "तिथपर्यंत. रस्त्याच्या पलीकडून."

"वहिनींना सांगितलंस?"

ताईने मान फिरवली.

गेल्या रविवारी तिला ताप होता. वहिनींना घेऊन मी गेलो. त्या भिंतीला कान लावून उभ्या होत्या, मी या बाजूला. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. इंजिन बंद करायला हात दोनदा किल्लीपर्यंत गेला.

मी बंद केलं नाही.